आठजण, एक वही आणि पाटणादेवीची सहल
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मैत्रीत हिशेब आणू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाक्य कानाला गोड लागते. परंतु आमच्या वर्गातील दोघी जिवलग मैत्रिणी मागच्या वर्षी चाळीस रुपयांच्या रिक्षाभाड्यावरून बोलेनाशा झाल्या, तेव्हा त्या चाळीस रुपयांचा हिशेब कोणीच मागितलेला नव्हता. एकीला वाटत होते, ती आपणहून देईल. दुसरीला वाटत होते, एवढ्याशा रकमेचे ती काय मनात ठेवणार! परीक्षा आली आणि गेली, रिक्षाभाडे मात्र तसेच राहिले.

सहलीच्या खर्चाची वाटणी हा विषय मी वार्षिक अंकासाठी घेतला, तेव्हा मित्रांनी माझी थट्टा केली. "कविता दे रे, किराण्याची यादी कशाला देतोस?" असे एकजण म्हणाला. गुरुजनही कदाचित हसतील. पण मी हमालाचा मुलगा आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आणि पैशांची वाटणी कशी होते, हे पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी मी धुळ्याच्या मार्केट यार्डात पाहिले आहे. शिवाय या एका विषयात मी स्वतः चुकलो आहे. ज्या विषयात माणूस चुकला, त्यावर त्याने लिहायला हरकत नसावी.

श्रावणात आम्ही आठजण देवपुराहून पाटणादेवीला गेलो. सहल कॉलेजची नव्हती, आमची आम्ही काढलेली होती. धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगाव, आणि तेथून भाड्याची जीप. रेल्वेचे तिकीट ज्याचे त्याने काढले, म्हणून ते हिशेबात नाही. पावसाने डोंगर हिरवे झाले होते, केदारकुंडाचा धबधबा जोरात होता, वगैरे वगैरे. प्रवासवर्णन या अंकात दुसऱ्या कोणी लिहिलेच असेल. मला वहीकडे वळायचे आहे.

वही माझ्याकडे होती. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. मी ती घेतली याचे कारण एवढेच, की मला सवय आहे. मित्रांची नावे येथे देत नाही. बीजगणितातल्याप्रमाणे अक्षरे देतो. जीपचे २४०० रुपये क याने दिले. संध्याकाळी चाळीसगावला खानावळीत शेवभाजी-भाकरीचे जेवण झाले, त्याचे १०८० रुपये ख हिने दिले. चहा, केळी, पाण्याच्या बाटल्या, देवीचा नारळ आणि पेढे असे किरकोळ ५२० रुपये दिवसभर ग देत राहिला. एकूण ४०००. आठ माणसे. माणशी ५००.

हिशेब इतका सरळ आला, की मला स्वतःचेच कौतुक वाटले.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुष्कळांची गाडी येथेच अडते. पैसे तिघांनी दिले. मग बाकीच्यांनी प्रत्येक रक्कम वेगवेगळी फेडायची म्हटली, तर जीपचे ३०० क याला, जेवणाचे १३५ ख हिला आणि किरकोळचे ६५ ग याला, असे प्रत्येकाने तीन ठिकाणी द्यायचे. शिवाय क, ख आणि ग यांनीही एकमेकांना द्यायचे. मोजले तर एकवीस देवघेवी होतात. त्यातली एखादी कोणीतरी विसरतोच, आणि विसरलेलीच नेमकी दुसऱ्याच्या लक्षात राहते.

त्यापेक्षा प्रत्येकाच्या नावापुढे दोनच आकडे लिहावेत : किती दिले आणि किती द्यायला हवे होते. वजाबाकी केली की क याचे १९०० येणे, ख हिचे ५८० येणे, ग याचे २० येणे, आणि आम्हा बाकी पाचजणांचे प्रत्येकी ५०० देणे. येणे २५००, देणे २५००. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊच नये. वहीत काहीतरी राहिले आहे असे समजावे. मग तिघांनी आपले ५०० सरळ क याला द्यावेत, चौथ्याने ख हिला, आणि पाचव्याने ४०० क याला, ८० ख हिला, २० ग याला. सात देवघेवींत सारे मिटले. माणसे कितीही असोत, त्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी इतक्या देवघेवींत हिशेब मिटवता येतोच. कारण प्रत्येक देवघेवीत निदान एका माणसाचे खाते तरी पुरते बंद करता येते, आणि शेवटच्या देवघेवीत दोघांची खाती एकदम बंद होतात.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी समाशोधन गृहाची कल्पना सांगितली, तेव्हा मला ही वही आठवली. अठराव्या शतकात लंडनच्या बँकांचे कारकून एकमेकांचे धनादेश घेऊन या बँकेतून त्या बँकेत पायपीट करीत. पुढे ते एका ठिकाणी जमू लागले, समोरासमोर धनादेश बदलू लागले आणि फक्त फरकाची रक्कम देऊ लागले. बँकांनी जे केले तेच आम्ही आठजणांनी केले, इतकाच मोठेपणा मी घेतो. आता हे काम फोनवरची ॲपही करतात. २०१६ पासून यूपीआय आल्याने पैसेही जागच्या जागी पोचतात. सुट्ट्या पैशांचे निमित्त कोणाला उरलेले नाही. पण माणशी भागाकार करण्याआधी जो प्रश्न विचारायचा असतो, तो ॲपला आपण विचारायला सांगितला तरच ते विचारते. मी तो वहीलाही विचारला नाही.

त्याच रात्री मी आमच्या ग्रुपवर यादी टाकली. नाव, रक्कम, कोणाला द्यायची. ज याने आपले ५०० रुपये तासाभरात पाठवले. सर्वांच्या आधी. मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि बाकीच्यांना लिहिले, "ज कडून शिका."

हे वाक्य मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. मी वही त्यांना वाचून दाखवली, थोडी शाबासकी मिळावी म्हणूनच. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. सहलीला किती खर्च झाला हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "वाटा सारखा पाडात, पन जेवनारा कितला व्हतात?"

जेवणारे सहा होते.

च हिची एकादशी होती. तिने घरून साबुदाण्याची खिचडी आणली होती, ती तिने जीपमध्येच खाल्ली. आणि ज खानावळीत आत आलाच नाही. "पोट जड झालंय, तुम्ही जेवा," असे म्हणून तो बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. आम्ही आग्रह केला, पण तो एका माणसाला एकदा करतात तेवढाच. त्याच ज ने सकाळी धबधब्यापाशी, एका मैत्रिणीच्या आईने करून दिलेल्या पुऱ्या सर्वांत आवडीने खाल्ल्या होत्या. पोट जड झालेला माणूस संध्याकाळी चेहऱ्यावरून ओळखू येतो. खानावळीच्या दारातून बाहेर पाहत बसलेला माणूस वेगळा दिसतो. मला तो ओळखू यायला हवा होता, कारण अकरावीत असताना शाळेच्या सहलीत मीही असाच एका बाकड्यावर बसलो होतो. जेवणाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे होते आणि माझ्या खिशात परतीचे भाडे होते. त्या वेळी मी सर्दीचे कारण सांगितले होते. सर्दीत भूक लागत नाही, असे मी गुरुजींना पटवून दिले होते.

ज साक्री तालुक्यातला, वसतिगृहात राहणारा. न जेवलेल्या जेवणाचे १३५ रुपये मी त्याच्याकडून घेतले, वर इतरांना त्याचा दाखला दिला.

आप्पा पुढे काही बोलले नाहीत. त्यांना टोळीची सवय. मार्केट यार्डात हमालांची टोळी दिवसभर जी पोती उतरवते, त्याची मजुरी संध्याकाळी एकत्र येते आणि तेथेच वाटली जाते. लहान असताना मी डबा घेऊन जायचो, तेव्हा निंबाखाली ती वाटणी पाहायचो. वाटा साधारण सारखा. कोणी पन्नास पोती उचलली आणि कोणी साठ, हे तेथे मोजत नसत. पण दुपारी आलेल्याला अर्धा वाटा. त्यांच्यात एक म्हातारे बाबा होते. त्यांच्याने पोते उचलवत नसे, ते दाभण घेऊन फाटकी पोती शिवत. त्यांना पुरा वाटा. मी एकदा आप्पांना विचारले, असे का? ते म्हणाले, हे आधीच ठरलेले आहे. त्या वयात मला उत्तर टाळल्यासारखे वाटले. आता वाटते, टोळीने प्रश्न पैसे समोर यायच्या आधीच सोडवून ठेवला होता. पैसे समोर आल्यावर तो सोडवायला गेले असते, तर म्हाताऱ्या बाबांना रोज संध्याकाळी मान खाली घालून बसावे लागले असते.

यानंतर काही दिवस मी वाचनालयात बसून पाटणविषयी जे मिळेल ते वाचले. ज्या गावाला जाऊन आम्ही नारळ फोडला आणि फोटो काढले, ते गाव वाटणीच्या बाबतीत आमच्यापेक्षा फार पुढे होते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांची 'लीलावती' ११५० ची. त्यांचे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत वाद आहे. पाटणचे नाव त्यात घेतले जाते. पण त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापन केला, याविषयी वाद नाही, कारण तो मजकूर दगडावर कोरलेला आहे. १२०७ च्या सुमाराचा हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. देवळात आम्ही कोरलेली अक्षरे पाहिली, पण आम्हाला एक ओळ लागली नाही. एकजण म्हणाला, कोणा राजाचे असेल काहीतरी.

राजाचे आहेच. यादव राजा सिंघण आणि त्याचे मांडलिक निकुंभ यांची वर्णने आहेत, ती संस्कृतात. पण शेवटी मठाला काय काय मिळावे, ते मात्र लोकांच्या बोलीत लिहिले आहे. मला मौज वाटली. स्तुती संस्कृतात, आणि ज्यांनी द्यायचे त्यांना कळावे म्हणून वर्गणी बोलीत! त्यात एक अट अशी आहे, की गावात जितके तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकाने मठाला पळी पळी तेल द्यावे. घरटी नव्हे, माणशीही नव्हे. घाण्यामागे. तेल ज्याच्याकडे गळते त्याने तेल द्यायचे. ज्याच्या घरी घाणा नाही, त्याच्या दारात पळी घेऊन कोणी जाणार नाही.

खुद्द 'लीलावती'त वाटणीचे गणित आहे. तीन व्यापारी ५१, ६८ आणि ८५ असे भांडवल घालतात. व्यापारात त्याचे ३०० होतात. तर प्रत्येकाला किती? भांडवलांची बेरीज २०४. तिने ३०० ला भागून ज्याच्या त्याच्या भांडवलाने गुणले, की ७५, १०० आणि १२५ येतात. म्हणजे येथे सारखा वाटा हाच अन्याय ठरला असता. ८५ घालणाऱ्याने आणि ५१ घालणाऱ्याने शंभर-शंभर घेऊन घरी जायचे, हे भास्कराचार्यांच्या व्यापाऱ्यांना चालले नसते.

आणि पाटणादेवीच्या वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती तर याहून हजारावर वर्षांनी जुनी. चढ निसरडा झाला होता म्हणून आम्ही तेथे गेलो नाही. तेथल्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. पैठणच्या एका गंधी घराण्यातल्या मितदेवाने दिलेला खांब त्यात आहे. लेणे सर्वांचे, पण खांब ज्याचा त्याचा. ज्याला पेलवेल त्याने खांब द्यावा. माझ्या यादीप्रमाणे हिशेब केला असता, तर पैठणच्या त्या गंध्याला आणि एखाद्या भिक्षूला सारखीच रक्कम लिहून पाठवावी लागली असती.

खांबामागे, घाण्यामागे, भांडवलामागे, टोळीतल्या हजेरीमागे. भागाकार सगळीकडे तोच आहे. कशाने भागायचे ते निराळे. माझा भागाकार बरोबर होता, चार हजाराला आठाने भागले की पाचशेच येतात. पण जीपला आठ हा भाजक बरोबर असला, तरी जेवणाला सहा हवा होता.

तसा हिशेब मी पुन्हा मांडला. जीप माणशी ३००, किरकोळ माणशी ६५. जेवणाचे १०८० सहांत, म्हणजे १८०. जेवणाऱ्यांना ५४५, न जेवणाऱ्यांना ३६५. सहा जणांचे ३२७०, दोघांचे ७३०, बेरीज ४०००. किरकोळमध्येही बारकावे काढता येतात. एकजण चहा पीत नाही. कोणी दोन केळी खाल्ली असतील. पण केळी मोजायला लागलो तर सहलीला जाऊच नये, असे माझे मत आहे. रक्कम लहान असेल आणि सर्वांनी थोडेफार घेतले असेल, तर तेथे माणशी वाटावे आणि विसरावे. जेवण तसे नव्हते. ते दिवसाचे एकमेव जेवण होते.

एक रकाना मात्र मला भरता आला नाही. सकाळच्या त्या पुऱ्या. चाळीसएक पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि वेगळ्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. पहाटे चारला उठून एका आईने हे केले. त्याचे पैसे विचारले तेव्हा मैत्रीण हसली आणि म्हणाली, "आईला सांगू का, तुझ्या पुऱ्यांचा दर काढलाय म्हणून?" मी वहीत 'पुऱ्या' असे लिहिले, पुढे रक्कम लिहिली नाही. ती ओळ तशीच आहे. अर्थशास्त्राच्या सरांनी ती पाहिली आणि म्हणाले, राष्ट्रीय उत्पन्न मोजणारेसुद्धा या ओळीपुढे आकडा लिहीत नाहीत.

आता प्रश्न होता तो ज याचे १३५ रुपये परत कसे करायचे, हा. गणित तेथे कामाला येईना. एकट्याला गाठून देणे म्हणजे, तू का जेवला नाहीस ते मला कळले, असे तोंडावर सांगणे. मी ते अकरावीत कोणाकडून ऐकून घेतले नसते. न देणे तर शक्यच नव्हते. दोन दिवस मी या विचारात होतो. शेवटी एकादशीने सोडवले. मी ग्रुपवर लिहिले, की च हिचा उपवास मी हिशेबात धरला नव्हता, चूक माझी आहे. जो जेवला नाही त्याच्याकडून जेवणाचे पैसे घेणे बरोबर नाही, म्हणून यादी बदलली आहे. मग सर्वांची नवी यादी टाकली. त्यात च आणि ज दोघांपुढे ३६५. बाकीच्यांनी पंचेचाळीस पंचेचाळीस रुपये जास्त दिले. कोणी काही विचारले नाही. एकाने 'एकादशी दुप्पट खाशी' असे लिहून हसण्याचे चित्र टाकले, तेवढेच.

ज याने पैसे घेतले. त्याला कळले होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. पण आठवड्याने तो वसतिगृहावरून आमच्या घरी आला, ओट्यावर बसला, आईने दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटभर खाल्ला आणि म्हणाला, "वही दाखव."

त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "हे तू घरी आल्यावर केलंस. निघायच्या आधी करायला पाहिजे."

मी म्हटले, "काय?"

"किती जणांना किती परवडतं ते नाही विचारायचं. ते कोणी सांगत नाही. जेवण घरून आणायचं की बाहेर घ्यायचं, ते आधी ठरवायचं. घरून ठरलं की संपलं."

मी दोन दिवस वाचनालयात बसून जे शोधले, त्यात हे नव्हते. मी खर्च वाटण्याच्या मागे लागलो होतो; मुळात तो कोणता करायचा हे कोणी ठरवले, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. खानावळीत जायचे कोणी ठरवले? कोणीच नाही. भूक लागली आणि आम्ही आत गेलो. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांना तो निर्णय वाटलाही नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही लळिंगच्या किल्ल्यावर जाणार आहोत. धुळ्यापासून जवळच, म्हणून जीप नाही, एस. टी. ने जायचे. डबे घरून. वसतिगृहातल्या दोघांचे डबे आमच्याकडून आणि पुऱ्यावाल्या मैत्रिणीकडून, हेही लिहून झाले आहे. या खेपेला वही ज याच्याकडे आहे. पहिल्या पानावर त्याने रकाने आखले आहेत, आणि शेवटच्या रकान्याला 'पुऱ्या' असे नाव देऊन तो मोकळा सोडला आहे.